माउखच्या भुताची झाडपाळी

हाक आली की ओ द्यायची, इतकं साधं काम असतं. मांजरसुद्धा निदान कान हलवतं. ओटमार रीगरने मात्र गेल्या हिवाळ्यात ठरवलं की ओ देण्याआधी हाक कोण मारतंय याचा नीट तपास करायचा. पुढे जे रामायण झालं ते सगळं या एवढ्याशा निर्णयातून झालं.

हाक रोज संध्याकाळी यायची. तो आपल्या खोलीत दार लावून गूढ अनुभवांवरचं काहीबाही वाचत बसलेला असायचा आणि भिंतीपलीकडून बाईच्या आवाजात 'ओटमार' असं ऐकू यायचं. थोड्या वेळाने पुन्हा. तिसऱ्यांदा जरा चिडून. मग आवाज थांबायचा. हाक स्वयंपाकघराच्या बाजूने येते, वेळ जेवणाची असते आणि हाकेसोबत शिजलेल्या मसुराचा वास येतो, इतकी निरीक्षणं त्याने बिनचूक केली होती. पण जेवणाच्या वेळी स्वयंपाकघरातून हाक मारणारी बाई आपली बायकोही असू शकेल, हा निष्कर्ष त्याला फार घाईचा वाटत होता.

घाई त्याच्या स्वभावातच नव्हती. तो वजनमापे खात्यात निरीक्षक होता. दक्षिण जर्मनीतल्या उल्मच्या आसपासच्या खाटकांचे, किराणावाल्यांचे आणि बाजारातल्या बटाटेवाल्यांचे काटे तपासण्यात त्याचा जन्म गेला होता. सॉसेजच्या वजनात दोन ग्रॅमची लबाडी असली तरी ती त्याला दुकानाच्या दारातूनच कळायची. (गुडरुनचं वजन त्या वर्षात सात किलोने उतरलं होतं, ते त्याला कळलं नव्हतं. पण गुडरुन खात्याच्या अखत्यारीत येत नव्हती.)

गुडरुन म्हणजे बायको. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांच्या नाकावर भिंगं चढवून 'आता दिसतंय का?' असं विचारायची, आणि घरी येऊन तीन हाका मारायची. तिसऱ्या हाकेनंतर ती एकटी जेवायची. ओटमार उशिरा बाहेर यायचा तेव्हा टेबलावर त्याचं ताट झाकून ठेवलेलं असायचं. ते कोण झाकतं, याचंही त्याला कुतूहल होतं.

असले अनुभव सांगायला त्याला एक जागा मिळाली होती. 'अज्ञात अनुभव अभ्यास मंडळ' नावाची एक रीतसर नोंदवलेली संस्था त्या गावात होती आणि 'हिरवं झाड' नावाच्या खाणावळीच्या मागच्या खोलीत तिच्या बैठका व्हायच्या. मंडळाला घटना होती, अध्यक्ष होता, खजिनदार होती. घटनेतलं मुख्य कलम असं, की सभासदाकडे निदान एक तरी न उलगडलेला अनुभव असला पाहिजे. ज्याचा अनुभव उलगडला त्याचं सभासदत्व संपलं. त्यामुळे सगळे आपापले अनुभव जिवापाड जपत. खजिनदारबाईंच्या घरात कित्येक वर्षं वारा सुटला की कोणीतरी कण्हत असे, आणि त्या गच्चीवरच्या पाइपला प्लंबरचा हात म्हणून लागू देत नसत.

अध्यक्ष वेंडेलिन श्टोल. त्याचा मोटार शिकवायचा धंदा होता आणि परलोकाशीही तो शेजारच्या सीटवर बसल्यासारखाच बोलत असे. त्याने एकदा काटकी हातात धरून रीगरांच्या झोपायच्या खोलीत फेऱ्या मारल्या होत्या आणि पलंगाच्या बरोबर मधून, जमिनीखालून, पाण्याची शीर जाते असं निदान केलं होतं.

"आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो," गुडरुन म्हणाली होती.

"शीर वरच्या दिशेने मारा करते, बाई. मजले मोजत नाही."

तेव्हापासून गुडरुनची गादी शिवणाच्या खोलीत गेली. तिला पहिल्याच रात्री गाढ झोप लागली. निदान खरं ठरलं म्हणून ओटमारने वेंडेलिनला केक पाठवला.

हाकेचं प्रकरण ऐकल्यावर वेंडेलिन म्हणाला, "लंबक लागेल. सोन्याची अंगठी घे. बाईने वर्षानुवर्षं बोटात घातलेली असली तर फारच छान. लाल रेशमी दोरा बांध. कोपर टेबलावर. गोल फिरली तर हो, सरळ झुलली तर नाही. आधी आरशात बघ, मग प्रश्न सोड."

"आरसा कशाला?"

"ते सोड. ती माझी सवय आहे."

अंगठी शोधायला ओटमारला लांब जावं लागलं नाही. न्हाणीघरातल्या साबणदाणीत एक पडलेलीच होती. आतल्या बाजूला त्याचं स्वतःचं नाव आणि लग्नाची तारीख कोरलेली होती, तेव्हा ती परक्याची असण्याचा प्रश्न नव्हता. त्याने साबण धुऊन काढला, अंगठी खिशात टाकली आणि नशीब जोरावर आहे असं मनाशी म्हटलं. सव्वीस वर्षं एका बोटात असलेली अंगठी साबणदाणीत काय करतेय, असा एक प्रश्न तिथेच विचारता आला असता. पण लंबक तयार झाल्याशिवाय प्रश्न कसले विचारायचे?

काटा वापरण्याआधी तपासून घ्यायचा, हा खात्याचा पहिला धडा. ओटमारने कोपर टेबलावर टेकलं आणि उत्तरं माहीत असलेले प्रश्न विचारले. माझं नाव ओटमार आहे का? अंगठी गोल फिरली. उल्म फ्रान्समध्ये आहे का? सरळ झुलली. मी सरकारी नोकर आहे का? गोल. मला बायको आहे का? अंगठी थोडा वेळ नुसती लोंबकळत राहिली आणि मग सावकाश, अगदी सरळ झुलायला लागली.

दोऱ्याला पीळ पडलाय, असं ओटमारने ठरवलं आणि दोरा बदलला.

त्याच संध्याकाळी हाक आली तेव्हा त्याने लंबकालाच विचारलं, जाऊ का? लंबक गोल फिरला. ओटमार उठून स्वयंपाकघरात गेला. गुडरुन ताटं मांडत होती. पहिल्याच हाकेला नवरा आलेला पाहून तिच्या हातातला पळा तसाच राहिला.

"आलास?" ती म्हणाली. तिचा चेहरा इतका उजळला, की दुसरा कोणी असता तर त्याने खाली बसून तिचा हात धरला असता. ओटमार खाली बसला आणि त्याने खिशातून लंबक काढला.

गुडरुनने लाल दोरा पाहिला. दोऱ्याला बांधलेलं काय आहे तेही पाहिलं. तिने पळा भांड्यात ठेवला. ओटमार तोवर कोपर टेकून मनातल्या मनात विचारत होता, या घरात आपल्याला न दिसणारं कोणी आहे का?

"ओटमार," गुडरुन म्हणाली, "वरचा म्हाताऱ्या माउखचा फ्लॅट तो वारल्यापासून रिकामा आहे. मी तो घ्यायचं म्हणतेय. माझ्या एकटीसाठी. ऐकतोयस ना?"

अंगठी मसुराच्या ताटावर गरगरा फिरायला लागली.

"हो," ओटमार हरखून म्हणाला.

"हो?"

"हो. अगदी स्पष्ट हो. बघ ना, केवढं मोठं वर्तुळ काढलंय."

"तुझं काहीच म्हणणं नाही?"

"माझं म्हणणं मध्ये कशाला आणायचं," ओटमार म्हणाला. "आपण नुसतं बघत राहायचं."

गुडरुनने आपल्या ताटातले मसूर परत भांड्यात ओतले आणि ती शिवणाच्या खोलीत गेली. त्यानंतर हाका थांबल्या. लंबकाने हाक मारणाऱ्या शक्तीला वेसण घातली, असं ओटमारने पुढच्या बैठकीत सांगितलं आणि मंडळाने टेबलावर मुठी आपटून त्याचं कौतुक केलं.

हाका थांबल्या आणि वस्तू जायला लागल्या. आधी श्पेट्सले, म्हणजे आमच्याकडच्या जाड शेवया, पाडायचा सोऱ्या गेला. मग वाचायचा दिवा. मग गुडरुनच्या आईवडिलांचा फोटो गेला, भिंतीवर नुसता फिका चौकोन राहिला. शिलाई यंत्र गेलं. गुडरुनचे हिवाळी कोट गेले, आणि खुंट्या मोकळ्या झाल्या हे ओटमारच्या ध्यानात आलं कारण त्याला स्वतःचा कोट कधी नव्हे तो लगेच सापडला. गुडरुनच्या नावाचं टपालही यायचं थांबलं, अगदी चपलांच्या सेलच्या जाहिरातीसुद्धा. कोणती शक्ती टपाल खात्यावर चालते, यावर मंडळात एक अख्खी बैठक झाली.

सगळ्यात मोठा पुरावा शिवणाच्या खोलीत मिळाला. एका संध्याकाळी दारावरून जाताना त्याला आतून गार हवा आली. त्याने दार लोटलं. खोली बर्फासारखी थंड होती, टाळी वाजवली तर घुमत होती, आणि केसांना लावायच्या तेलाचा जो वास तिथे कायम असायचा तो नव्हता. भुताच्या वावराने जागा थंड पडते हे त्याने कुठे कुठे वाचलेलं होतं. हीटरचा खटका शून्यावर आहे हे त्याने पाहिलं, पण त्याचा अर्थ लावला नाही. खरं तर आमच्या भागातलं शेंबडं पोरही सांगेल, की माणूस राहत नसलेली खोली कोणी तापवत नाही. गुडरुन आमच्या या श्वाबियातली, काटकसरीत मुरलेली होती. नवरा सोडताना दहादा विचार करील, पण जाताना हीटर बंद करायला विसरायची नाही.

"बायको काय म्हणते?" वेंडेलिनने विचारलं.

"तिला सांगितलं नाही. उगाच घाबरेल."

"असते ना पण घरी?"

"असेल की," ओटमार म्हणाला. "कुठे जाणार आहे?"

पावलांचे आवाज त्याच सुमारास सुरू झाले. बरोबर डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर, म्हाताऱ्या माउखच्या फ्लॅटमध्ये. माउख वसंतात वारला होता आणि दारावर अजून त्याच्याच नावाची पाटी होती. रोज संध्याकाळी कोणीतरी वर चालायचं. खुर्ची सरकायची. नळ वाहायचा. आणि कोणीतरी गुणगुणायचं, एक जुनं नाचाचं गाणं, जे फार पूर्वी, म्हणजे लग्नानंतरची पाच-सात वर्षं, ओटमारच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातही ऐकू यायचं. एवढं त्याला आठवलं. आपल्या स्वयंपाकघरात ते बंद कधी झालं, ते आठवेना.

त्याने लंबकाला विचारलं. माउख आहे का? अंगठी गोल फिरली. माउखच आमच्या वस्तू वर नेतो का? गोल. सोऱ्या त्याला कशाला हवा? या प्रश्नाला हो-नाही उत्तर नसल्यामुळे अंगठी नुसतीच थरथरली.

एका शनिवारी तो स्वतः जिन्यात उभा राहिला. लंबक डोळे मिटून धरला की जास्त संवेदनशील होतो, अशी वेंडेलिनची शिकवण होती. ओटमार दोन मजल्यांच्या मध्ये कठड्याला टेकून डोळे मिटून उभा होता. तेवढ्यात काहीतरी मोठं, मऊ, जुन्या कापडाचा वास असलेलं, धापा टाकत त्याच्या पोटाला घासून वर गेलं. 'जरा पोट आत घ्या' असे शब्दही त्याच्या कानावर आले. त्याने पोट आत घेतलं. डोळे उघडले नाहीत, कारण अनुभव भंग पावला असता. त्या संध्याकाळी त्याच्या लक्षात आलं, की खिडकीजवळची मोठी खुर्ची नाहीशी झाली आहे.

हा वृत्तांत ऐकून मंडळातल्या दोघांना पाणी प्यावं लागलं. पण खरा धक्का त्याने शेवटी ठेवला होता.

"तिसऱ्या मजल्याचा जिना," तो म्हणाला, "झाडलेला असतो."

खजिनदारबाईंनी हातातला कप खाली ठेवला.

आमच्या भागात घर भाड्याने देताना माणसाचा धर्म विचारत नाहीत, झाडपाळी पाळणार का ते विचारतात. लाकडी पाटी असते, तिच्यावर 'या आठवड्याची पाळी' असं लिहिलेलं. वरच्या मजल्यापासून एकेका दारावरून ती खाली उतरत जाते आणि तळाशी पोचली की पुन्हा वर चढते. ज्याच्या दारावर पाटी त्याने शनिवारी आपल्या मजल्याचा जिना झाडायचा आणि पुसायचा. तळमजल्यावरच्या आयझेलेबाई मग कठड्यावरून बोट फिरवून पाहायच्या. माउख वारल्यापासून पाटी तिसऱ्या मजल्याला वळसा घालून जात होती. आणि आता ती पुन्हा तिथे लटकत होती, आणि पायऱ्या आरशासारख्या लख्ख होत्या.

"कोपरेही पुसलेले असतात?" खजिनदारबाईंनी दबक्या आवाजात विचारलं.

"कोपरेही."

आता कोणाला शंका राहिली नाही. माउख चाळीस वर्षं त्या जिन्यावर ओणवा झाला होता. असला माणूस मेला म्हणून पाळी चुकवेल, ही कल्पनाच कोणाला करता येईना. जगात इतरत्र भुतं साखळ्या खळखळवत असतील, किंचाळत असतील. श्वाबियातलं भूत झाडणारच. येत्या शनिवारी दुपारी अख्ख्या मंडळाने माउखच्या दाराशी जाऊन त्याच्याशी बोलायचं, असा ठराव एकमताने झाला.

शनिवारी मंडळ आलं तेव्हा आयझेलेबाई खालच्या दारात उभ्या होत्या.

"कुठे निघाली ही वरात, रीगरसाहेब?"

"वर. माउखकडे."

आयझेलेबाईंनी कमरेवर हात ठेवले. "तुम्ही एकदा तुमच्या बायकोला का विचारत नाही?"

"तिला या विषयात गती नाही."

"बरं," आयझेलेबाई म्हणाल्या. "पाय पुसून जा. आत्ताच पुसलंय."

त्यांनी पाय पुसले. सात माणसं तिसऱ्या मजल्यावर अर्धवर्तुळ करून उभी राहिली. दारावर माउखची पाटी होती, खिळ्याला झाडपाळीची पाटी होती, आणि दाराच्या फटीतून मसुराचा वास येत होता. ओटमारने डोळे मिटले आणि लंबक धरला.  आयुष्यभर दुसऱ्यांचे काटे बरोबर करण्यात गेलं, आपल्यापाशी कोणी काही बोलायला आलं नाही, ही खंत त्याच्या मनात फार जुनी होती. पलीकडून का होईना, कोणीतरी आपल्याला हाक मारावी, एवढंच त्याला हवं होतं.

"हळू," वेंडेलिन कुजबुजला. "पहिल्या गिअरमध्ये."

"माउख," ओटमार म्हणाला, "तू आत आहेस का?"

अंगठी गोल फिरली.

"तू आम्हाला दर्शन देशील का?"

दार उघडलं. दारात अॅप्रन बांधून, हातात श्पेट्सलेचा सोऱ्या घेऊन गुडरुन उभी होती. तिच्या मागे वाचायचा दिवा होता, भिंतीवर तिचे आईवडील होते आणि खिडकीजवळ ती मोठी खुर्ची होती. ओटमारचे डोळे अजून मिटलेलेच होते.

"काय दिसतंय?" त्याने मंडळाला विचारलं.

 खजिनदारबाई खोकल्या.

"डोळे उघड, ओटमार," गुडरुन म्हणाली.

त्याने उघडले. बायकोकडे पाहिलं, सोऱ्याकडे पाहिलं. "गुडरुन," तो म्हणाला, "माउखने तुलाही नेलं?"

वेंडेलिनने हळूच त्याच्या दंडाला धरलं. शिकाऊ ड्रायव्हर सिग्नल तोडायला निघाला की वेंडेलिनचा पाय आपोआप ब्रेककडे जायचा, तसं ते होतं.

"मी इथे राहते," गुडरुन म्हणाली. "सहा आठवडे झाले. तुला सांगितलं होतं. जेवताना. तू हो म्हणालास."

"मी लंबकाला म्हणालो."

"ते मला कळलं. पण मी तुला विचारलं होतं."

"पण खुर्ची..."

"खुर्ची मी आणि आयझेलेबाईंनी आणली. तू जिन्यात डोळे मिटून उभा होतास. त्यांनी तुला पोट आत घ्यायला सांगितलं."

"आणि हाक?"

"हाक मीच मारत होते." गुडरुनने सोऱ्या या हातातून त्या हातात घेतला. "दुसरं कोण मारणार?"

जिन्यात सगळे आपापल्या बुटांकडे पाहत होते. ओटमारच्या हातात अंगठी अजून सावकाश हलत होती. गुडरुनचं लक्ष तिच्याकडे गेलं.

"ही कुठे मिळाली तुला?"

"साबणदाणीत."

"किती दिवस होती तिथे?"

ओटमारने अंगठी उलटसुलट करून पाहिली.

"मी काढून ठेवली होती," ती म्हणाली. "म्हटलं, बघू विचारतो का. रोज तू तिच्या शेजारचा साबण घेऊन तोंड धुवायचास. मग एके दिवशी ती तिथे नव्हती. मला वाटलं, पाहिली वाटतं त्याने, उचलून ठेवली असेल. दिवसभर दुकानात माझं लक्ष नव्हतं. लोकांना उलटी भिंगं चढवली मी. संध्याकाळी हाक मारली तर तू पहिल्या हाकेला आलास. आणि खिशातून ती काढलीस, लाल दोऱ्याला बांधलेली, आणि घरात आणखी कोण आहे ते तिला विचारायला लागलास."

ती रडत नव्हती. रडणं कधीच उरकून झालं होतं, आणि तेही बहुधा वेळेवर, पाळीप्रमाणे. सवयीने तिच्या तोंडून दुकानातलाच प्रश्न आला. "आता दिसतंय का?"

ओटमारने मान हलवली. ती हो होती की नाही, हे कोणालाच कळलं नाही.

"पण इथेच?" शेवटी तो म्हणाला. "माझ्या डोक्यावरच?"

"मी तुला सोडलंय, हे घर नाही सोडलं. इथे गॅलरीत ऊन येतं." मग ती बाकीच्यांकडे वळली. "तुम्ही एवढे जिने चढून आलात. मसूर भरपूर केलेत आणि श्पेट्सले पाडायचेच आहेत. आयझेलेबाई पण येतायत. या आत."

मंडळाने क्षणभर एकमेकांकडे पाहिलं. पण वास फार चांगला येत होता. सगळे एकेक करून ओटमारच्या शेजारून आत गेले, शेवटी वेंडेलिन, वळताना बाजूला बघून. ओटमारनेही एक पाऊल उचललं. गुडरुनने खिळ्यावरची लाकडी पाटी काढून त्याच्या हातात दिली.

"माझं झालंय," ती म्हणाली. "आता खाली तुझी पाळी."

दार लागलं.

ओटमार आपल्या मजल्यावर आला आणि त्याने पाटी दाराला लावली. सव्वीस वर्षांत ती त्याने हातात घेतली नव्हती, तिला वजन असतं हेही त्याला ठाऊक नव्हतं. आत जाऊन तो टेबलाशी बसला. घर इतकं मोकळं होतं की आपण याला अज्ञात कसं म्हणालो, असं त्याला वाटायला लागलं. सगळंच तर समोर होतं. त्याला तो पहिला दिवस आठवला. मला बायको आहे का, असं विचारल्यावर अंगठी सरळ झुलली होती. काटा बरोबर होता, आणि तीस वर्षांच्या अनुभवी निरीक्षकाने तो दुरुस्त करून बिघडवला होता.

मग त्याला जिना आठवला. तो झाडू शोधायला उठला. झाडू कुठे असतो याचा त्याला पत्ता नव्हता, म्हणून त्याने, काय करणार, लंबकालाच विचारलं. अंगठी कुठेच फिरेना. ती नुसती थरथरत वर ओढली गेल्यासारखी वाटली. ओटमार पुन्हा तिसऱ्या मजल्यावर गेला आणि त्याने घंटी वाजवली. आतून हसण्याचा आवाज येत होता. गुडरुनने दार अर्धं उघडलं.

"झाडू तुझ्याकडे आहे का?"

"आहे," ती म्हणाली. "माझा आहे. तू तुझा आण."

दुकानं बंद झाली होती आणि दुसऱ्या दिवशी रविवार होता. शेवटी त्याला पावाचे तुकडे झाडायचा हाताएवढा ब्रश सापडला, कदाचित तो न्यायचा राहिला असेल. दुसऱ्या मजल्याच्या पायऱ्यांवर गुडघे टेकून तो एकेक पायरी झाडायला लागला.

अर्ध्या जिन्यावर असताना मंडळ जेवून खाली उतरलं. कोणी त्याच्या पायांवरून, कोणी हातावरून ओलांडत पुढे गेलं. खजिनदारबाई मात्र थांबल्या. त्यांना जड जात होतं, पण घटना ती घटना.

"रीगर, तुमचा अनुभव आज उलगडला. तेव्हा सभासदत्वाचं... तुम्हाला कलम माहीत आहे."

ओटमार गुडघ्यांवरच सरळ झाला. "माझ्याकडे अजून एक आहे," तो म्हणाला. "न उलगडलेला."

"कोणता?"

"ती का गेली?"

मंडळ जिन्यात थबकलं. वेंडेलिनने सगळ्यांचे चेहरे पाहिले. एकालाही विचारावं लागलं नाही.

"ते धरता येत नाही, ओटमार," तो शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाला. "ते आम्हाला सगळ्यांना कळलंय."

ते खाली गेले. फाटक वाजलं. वर कोणीतरी जुनं नाचाचं गाणं गुणगुणत भांडी घासायला लागलं. ओटमार पुन्हा ओणवा झाला. आयझेलेबाई पोटभर जेवून सगळ्यात शेवटी उतरल्या. त्याच्याजवळ येऊन त्यांनी कठड्यावरून बोट फिरवलं, आणि मग खाली वाकून पाहिलं.

"कोपरे राहिलेत, रीगरसाहेब," त्या म्हणाल्या.